टेंडर मागून वाचायचं

सोलापुरात टॉवेल किलोवर विकला जातो. व्यापारी गठ्ठा काट्यावर ठेवतो, एक टॉवेल ओढून काढतो, दोन बोटांत चोळतो, नाक मुरडतो आणि किलोमागे दोन रुपये तोडतो. आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून हेच चालत आलंय. त्यामुळे सरकार टॉवेल गोलात मोजतं हे कळलं तेव्हा मला आधी हसूच आलं. तळहाताएवढा एक कटर असतो. तो टॉवेलवर ठेवून दाबून फिरवला की १०० चौरस सेंटिमीटरची गोल चकती सुटून येते. तिचं वजन ग्रॅममध्ये करायचं आणि शंभरनं गुणायचं. चकती ४ ग्रॅम भरली तर टॉवेल ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा. एवढंच. पण या चकतीनं मला दीड वर्षात जेवढं रडवलं तेवढं सासूबाईंनीही कधी रडवलं नाही.

आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आठ लूम, म्हणजे माग, आहेत. कारखाना माझ्या नावावर आहे, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जुन्या कर्जाचे हप्ते तुंबले, नवऱ्याचा सिबिल बिघडला, तेव्हा बँकेतल्या एकानं सुचवलं की मिसेसच्या नावानं नवी फर्म काढा. काढली. मी मालकीण झाले म्हणजे काय, तर महिन्यातून दोनदा दहा-बारा ठिकाणी सह्या. नवरा बोट ठेवायचा, मी सही करायचे. चेकवर केली, बिलावर केली, एकदा तर गॅसच्या पासबुकावरही करून टाकली.

सरकारी मालाशी आमची पहिली गाठ पडली ती दुसऱ्याच्या आडून. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका पुरवठादाराला वसतिगृहांना टॉवेल द्यायचं काम मिळालं होतं. त्याच्याकडे एकही लूम नव्हता. त्यानं आमच्याकडून आणि आणखी तिघांकडून माल विणून घेतला. गठ्ठ्यावर नाव त्याचं, लेबल त्याचं, चलन त्याचं. ऑर्डर कुठे होती? व्हॉट्सॲपवर. ‘४००० पीस अर्जंट’, खाली हात जोडलेले. माल गेला, निम्मे पैसे आले आणि १ लाख ८५ हजार अडकले. फोन केला की एकच उत्तर, “वहिनी, सरकारकडूनच आले नाहीत, मी कुठून देऊ?” ते पैसे तुकड्यातुकड्यानं अकरा महिन्यांनी हातात पडले. तोवर सुताच्या व्यापाऱ्याचं व्याज आम्ही भरत होतो.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीतले मामा घरी आले. सासऱ्यांचे मित्र. सरकारी नोकरीत स्टोअर्समध्ये उभी हयात गेलेली, रिटायर होऊन सहा-सात वर्षं झालेली. टेबलाच्या पलीकडे बसून त्यांनी शेकडो टेंडरं उघडलेली. मी रडगाणं सांगितलं. त्यांनी शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी मोडत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्याला सरकारनं पैसे दिले नसतील बी. पण तुझा करार सरकारशी हाय का त्याच्याशी? आणि करार तरी कुठाय? दाखव की.”

दाखवायला हात जोडलेले इमोजी होते.

मग त्यांनी समजावलं. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात लहान कारखानदाराचा माल घेणाऱ्यानं लेखी मुदत ठरली असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. माझे डोळेच चमकले. मामांनी उद्यमचं, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट मागितलं. मी फाईल आणली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि ‘च्च’ केलं.

उद्यम नोंदणी आम्ही चौकातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतली होती. १५०० रुपये दिले होते. ही नोंदणी फुकट असते हे मला त्या दिवशी कळलं. पण खरा घोटाळा पुढेच होता. त्यानं धंद्याचा कोड टाकताना कापडाचा होलसेल व्यापार निवडला होता. आठ लूमचा धडधडाट ऐकत आम्ही जेवतो, आणि कागदावर मी व्यापारी! ट्रेडरला २०२१ पासून उद्यममध्ये घेतात, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. उशिरा पैशाची तक्रार, सरकारी खरेदीतली सवलत, यातलं काहीही ट्रेडरला नाही. म्हणजे माझ्या १ लाख ८५ हजारांना दरवाजाच नव्हता. सही माझीच होती. वाचलं नव्हतं.

कोड दुरुस्त केला, १३९२, कापडापासून तयार वस्तूंचं उत्पादन. मी स्वतः केला, रात्री साडेदहाला, आधारचा ओटीपी तीनदा चुकवून. नवरा शेजारी बसून म्हणाला, “काय करलालीस ग एवढ्या रात्री?” मी म्हटलं, “कारखाना काढतेय.”

त्यानंतर जिल्हा उद्योग केंद्राच्या एका दिवसाच्या शिबिराला गेले. शंभरेक माणसं, त्यात आम्ही सात-आठ बायका. जेम पोर्टलची माहिती तिथे मिळाली. सरकारी खात्यांच्या खरेदीसाठी ते २०१६ साली सुरू झालं, डीजीएसअँडडी या केंद्राच्या खरेदी खात्याची जुनी पद्धत त्यानं मोडीत काढली. २०१२ च्या खरेदी धोरणाचीही माहिती तिथेच मिळाली. केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यातला ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ३ टक्क्यांवर सभागृहातल्या सगळ्या पुरुषांनी वळून आमच्याकडे बघितलं, जणू आम्ही काही चोरून नेणार होतो. मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “बायकोच्या नावावर करून टाक बे.” मला वाईट वाटायला हवं होतं. पण आमचंही तसंच होतं की.

जेमवर नोंदणी होताच फोन सुरू झाले. ‘मॅडम, टेंडर पक्कं मिळवून देतो, फक्त १५ हजार.’ पोर्टलवरून नंबर यांच्याकडे कसा जातो देव जाणे. नवऱ्यानं एकाला जवळजवळ पैसे पाठवलेच होते. मामा म्हणाले, “टेंडर कुणाला पक्कं मिळत असतं तर तो तुला फोन करेल का? स्वतःच नाही का भरणार?”

फोटो हा स्वतंत्र विषय. टॉवेलचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवे. मुलीनं गच्चीवर चादर टांगली, टॉवेल त्यावर लावला. एका फोटोत शेजारची वाळत घातलेली मिरची आली आणि आम्हाला चार दिवस कळलंच नाही.

आता मुख्य गोष्ट. मामांनी मला टेंडर मागून, म्हणजे शेवटच्या पानापासून, वाचायला लावलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मालाचं नाव, नग, तारीख. ते बघून माणूस हुरळतो. “सूनबाई, पहिलं पान सगळ्यांसाठी असतंय. शेवटचं पान तुझ्यासाठी.” शेवटच्या पानांत खरेदीदारानं स्वतः घातलेल्या अटी असतात, आणि माल कुठे-कुठे पोचवायचा त्याची यादी. एका टेंडरात २००० टॉवेल होते, भाव चांगला बसत होता. यादी उघडली तर एकवीस ठिकाणं, त्यातली सहा ईशान्येकडची, एका ठिकाणी ३५ नग. जेमवरचा दर सगळं धरून असतो, जीएसटी आणि भाडंसुद्धा. ३५ टॉवेल दिमापूरला पाठवायचं भाडं आणि टॉवेलची किंमत, यात भाडं जिंकलं. तो टेंडर सोडला.

अशा सोडलेल्या टेंडरांची मी वही केलीय. पहिल्या सहा महिन्यांत एकतीस वाचली, सत्तावीस सोडली. मला वाटतं मामांनी मला मदत केली ती हीच. भरायला शिकवणारे पुष्कळ मिळतात. सोड म्हणणाऱ्याचा त्यात काही फायदा नसतो, म्हणून तो मिळत नाही.

भरलेल्या चारातली पहिली दोन पैशांनी गेली. म्हणजे खरोखर पैशांनी, एकात नगामागे ४० पैसे. तिसऱ्यात गंमत झाली. ५००० टॉवेल. सगळ्यात कमी दर एका मोठ्या मिलचा, १७२ रुपये. आमचा १९०. धोरणात अशी सोय आहे की सगळ्यात कमी दरवाला मोठा उद्योग असेल आणि लहान कारखानदाराचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला तोच कमी दर मान्य करून किमान चौथा हिस्सा घेता येतो. १७२ चे १५ टक्के वर म्हणजे १९७ रुपये ८० पैसे. आम्ही आत होतो. १२५० टॉवेल दारात उभे होते, फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. नवरा उठून नाचायचाच बाकी होता. (सगळ्यात कमी दरवाला स्वतःच लहान उद्योग असेल तर ही सोय लागू होत नाही, आणि टॉवेलात बहुतेक वेळा तसंच असतं. म्हणून हे दुर्मिळ.)

मी वही काढली. सूत, सायझिंग (सुताला खळ), मजुरी, ब्लीचिंग, शिलाई, पॅकिंग, भाडं, जीएसटी. आमच्या घरात १८१ पडत होता. १२५० नगांवर ९ रुपयांप्रमाणे ११ हजार २५० रुपये तोटा. नवरा म्हणाला, “पहिली ऑर्डर आहे, नाव होतंय.” मी म्हटलं, तोट्यानं नाव होत असेल तर आपलं आधीच खूप झालंय. तीन दिवस घरात अबोला. पण ‘हो’चं बटण माझ्या लॉगिनमध्ये होतं.

चौथं लागलं. मार्च एंडच्या धामधुमीत. परराज्यातल्या केंद्र सरकारच्या एका रुग्णालयाला १८०० टॉवेल, ७५ बाय १५० सेंटिमीटर, पांढरे, ४०० जीएसएम, पाच टक्के इकडे-तिकडे चालेल. दर १९६. एकूण ३ लाख ५२ हजार ८००. बयाणा रकमेतून आम्हाला सूट होती, पण परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम पुरं करण्याची हमी, सुटत नाही. ३ टक्के, १० हजार ५८४ रुपयांची बँक गॅरंटी. ही सूट आणि ती सूट वेगळी हे बँकेतल्या माणसालाही मीच समजावलं, तेव्हा कॉलर जरा ताठ झाली. साडीला कॉलर नसते, तरी.

शेवटच्या पानावर एक ओळ होती, दोन्ही टोकांच्या पट्टीत रुग्णालयाचं नाव विणून हवं. छापून नाही, विणून. सोलापूरला याचं काही विशेष नाही, जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, नावं विणण्यात आमच्या कारागिरांचा हात कुणी धरत नाही. पण मामा त्या ओळीवर बोट ठेवून थांबले. “हा माल परत आला तर कुणाला विकशील?”

खरंच की. नाव विणलेला टॉवेल बाजारात चालत नाही. एक जरी लॉट नापास झाला तर तो किलोवरसुद्धा कुणी घेणार नाही. म्हणून आधी चाळीसच टॉवेल काढायचे ठरले.

एप्रिलचा दुसरा आठवडा. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पत्र्याच्या गाळ्यात दुपारी दोनला लूमच्या लोखंडाला हात लावता येत नाही. मी कटरनं चकती काढली, सोनाराकडून आणलेल्या छोट्या काट्यावर ठेवली. ३.८६. म्हणजे ३८६. खालची हद्द ३८०. दुसरी चकती ३.८३. माझ्या पोटात गोळा आला. लूम बघणारा आमचा जॉबर म्हणाला, “वहिनी, सूत बरोबर घातलंय, पाईल, टॉवेलचे फासे, बी मोजलाय. ऊन हाय.” मला वाटलं हा बहाणे सांगतोय.

बहाणा नव्हता. कापूस हवेतला ओलावा पितो. प्रयोगशाळेत २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत माल ठेवून मग वजन करतात. आमच्या गाळ्यात एप्रिलच्या दुपारी तो सुकून कोरडाठाक झालेला असतो. तोच टॉवेल लॅबला पाठवला, रिपोर्ट आला ४०१. मी जॉबरची माफी मागितली. तो म्हणाला, माफी नको, एक कूलर लावा. लावला.

वजनात वाचलो, लांबीत मेलो. लूमवर १५२ ला कापलेला टॉवेल ब्लीचिंगहून आला तो १४६ चा. टेंडरात सूट २ सेंटिमीटरची. मी आणि मुलगी गच्चीवर, एकेक टॉवेल सतरंजीवर पसरून, ओढायचा नाही, नुसता हातानं सरळ करायचा, आणि शिलाईचा टेप लावायचा. १४६. १४६. १४५. एकदा १४७ आला तर मुलगी टाळ्या वाजवायला लागली. चाळीसच्या चाळीस गेले. रंगीत माल आम्ही सूत रंगवून विणतो, तो नंतर एवढा आटत नाही, त्यामुळे ही सवयच नव्हती. हिशेब केला, लूमवर १५७ ला कापायचं. म्हणजे नगामागे ५ सेंटिमीटर जास्त, १८०० नगांना ९० मीटर टॉवेल, जो माझ्या १९६ मध्ये कुठेच धरलेला नव्हता. नफा तिथेच पातळ झाला.

ते चाळीस टॉवेल अजून आमच्याकडे आहेत. माझ्या बहिणींकडे आहेत, जॉबरकडे आहेत. पाहुणे अंघोळ करून आले की पट्टीवरचं नाव वाचतात आणि काळजीनं विचारतात, कोण ॲडमिट होतं?

माल वेळेत पोचला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, पोचला म्हणजे संपलं. तिथून तर दुसरा खेळ. माल मिळाल्याची पोच वेगळी, आणि तपासून स्वीकारल्याचं प्रमाणपत्र वेगळं. ते दुसरं, सीआरएसी, निघाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. नियमात त्याला दहा दिवस, आणि नंतर पैशाला दहा दिवस. तिकडचे स्टोअरकीपर रजेवर गेले. लॉगिन त्यांचं. मी रोज सकाळी अकराला फोन करायचे, रागावून नाही, “साहेब आले का?” असं. सहाव्या दिवशी पलीकडचा शिपाई म्हणाला, “आ गये बहनजी, आपका ही कर रहे हैं.” पैसे बावन्नाव्या दिवशी आले.

आले ते ६ हजार ७२० रुपयांनी कमी. मी पुन्हा मामांकडे पळाले, म्हटलं कुणीतरी खाल्ले. ते हसले. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापतं, मूळ किमतीवर. ३ लाख ३६ हजारांचे २ टक्के. ते माझ्याच जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या माझ्या खात्यात, येऊन बसले होते, मला फक्त पोर्टलवर जाऊन स्वीकारायचे होते. हिशेब संपला तेव्हा हातात जे उरलं त्यात एक कूलर निघाला आणि वर थोडं. व्यापाऱ्याला तेवढाच माल दिला असता तर जवळपास तेवढंच सुटलं असतं. पण व्यापाऱ्याचे पैसे चार महिन्यांनी, तेही निम्मे सुतात.

यंदा ६००० नॅपकिनची ऑर्डर लागलीय. आठ लूमवर मुदतीत होणारी नाही. बाहेरून विणून घ्यायला मनाई नाही ना, हे शेवटची पानं दोनदा वाचून बघितलं, आणि २००० नग मागच्या गल्लीतल्या एका चार लूमवाल्याला द्यायचे ठरवले. वयानं माझ्याहून लहान, बाप गेल्यावर कारखाना सांभाळतोय. मी त्याच्या हातात दोन पानी वर्क ऑर्डर दिली. नग, माप, जीएसएम, लूमवरची लांबी वेगळी आणि ब्लीचिंगनंतरची वेगळी, दर, तारीख. पैसे ४५ दिवसांत, मला सरकारकडून आले असोत वा नसोत. उशीर झाला तर कायद्याप्रमाणे व्याज.

त्यानं पूर्वी कधी असा कागद घेतला नव्हता. दोनदा वाचला. मग म्हणाला, “वहिनी, ही व्याजाची ओळ तर तुमच्याच विरुद्ध हाय की.”

“सही कर,” मी म्हटलं. “आणि आधी तुझं उद्यम आण, कोड बघते.”

त्याचाही होलसेलच निघाला. आम्ही दोघांनी बसून बदलला, मगच सही झाली.

त्याचे पैसे मी अडतिसाव्या दिवशी दिले. आमचे अजून यायचेत.